सलाईन लावणं आणि बंद करणं : थेंब टिकत नाहीत, नळीत रक्त चढतं, काढल्यावर हात निळा पडतो

सिस्टर_जिंतूर

नमस्कार. ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय आहे, रात्रपाळीला वॉर्डात एकच सिस्टर. ऊन वाढल्यापासून उलट्या-जुलाबाचे पेशंट जास्त यायलेत, एका वेळी आठ-दहा सलाईन चालू असतात. इन्फ्युजन पंप नाही, सगळं रोलरवर (नळीवरचं थेंब कमी-जास्त करायचं चाक).

थेंब मिनिटाला ४२ ला लावून पुढच्या पेशंटकडे जावं, परत येऊन मोजावं तर कधी २५, कधी ६०. हे का होतं? दुसरं, बाटली संपून नळीत रक्त चढलेलं असतं. त्याच नळीला नवीन बाटली लावून जोरात सोडली तर चालतं का? तिसरं, केस पेपरवर "सलाईन बंद" एवढंच लिहिलेलं असतं. मग रोलर बंद करून ठेवायचा, लॉक करायचं (नळी सोडवून, कॅन्युलात सलाईन भरून तोंड बंद ठेवायचं) की कॅन्युला (नसेतली प्लास्टिकची बारीक नळी) काढायची? आणि काढल्यावर बऱ्याच जणांच्या हातावर निळा गोळा येतो, दाबून धरायला सांगितलं तरी.

सुकलेल्या पेशंटची नस सापडत नाही, त्यावरही कुणी सांगितलं तर बरं होईल.

फिमेलवॉर्ड_नांदेड

ताई, आधी थेंबांचं बघू.

सेटच्या (बाटलीपासून हातापर्यंतची नळी) पाकिटावर १ मिलीला किती थेंब ते छापलेलं असतं. आपल्याकडे येणारे बहुतेक मोठ्या थेंबाचे सेट २० चे असतात, पण १५ चेही येतात. मायक्रो सेट ६० चा. ५०० मिली ४ तासांत द्यायचं असेल तर २० च्या सेटवर मिनिटाला ४२ थेंब बरोबर आहेत. तेच ४२ थेंब १५ च्या सेटवर मोजले तर बाटली ३ तासांतच रिकामी होते. नवीन लॉट आला की पाकीट वाचायची सवय ठेवा. २० च्या सेटला सोपा हिशोब असा : तासाला जितके मिली, त्याला ३ ने भागा. १२५ मिली तासाला म्हणजे ४२ थेंब. मायक्रो सेटला भागायचंच नाही, तासाचे मिली तितकेच मिनिटाचे थेंब. मोजायचे ते पूर्ण एक मिनिट, घड्याळ थेंब पडतात त्या चेंबरशेजारी धरून. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की एका थेंबाची चूक चार थेंबांची होते.

थेंब आपोआप बदलण्याची कारणं वेगवेगळी. रोलरखाली दाबलेली प्लास्टिकची नळी पहिल्या काही मिनिटांत हळूहळू आपला आकार बदलते, म्हणून लावल्यानंतर १५ मिनिटांनी एकदा परत मोजायलाच लागतं. पेशंट झोपलेला असताना लावलं आणि तो उठून बसला, की बाटली आणि हात यांच्यातली उंची बदलते आणि धार बदलते. बाटली हाताच्या साधारण १ मीटर वर हवी. कॅन्युला मनगटाच्या किंवा कोपराच्या घडीत असेल तर हात वाकला की थेंब बंद, सरळ केला की सुरू. हे सेटचं काम नाही, जागाच चुकलेली असते. दंडाला बीपीचा कफ बांधून फुगवला तरी बंद पडतं. आणि नातेवाईक. "लवकर संपू द्या" म्हणून रोलर फिरवणारे प्रत्येक वॉर्डात असतात. त्यांना रागावून उपयोग होत नाही. जास्त वेगाने गेलं तर पाणी फुप्फुसात जाऊन दम लागेल, असं सरळ शब्दांत सांगितलं की हात लावत नाहीत.

हवेचा मुद्दा स्वतंत्र सांगते. कडक प्लास्टिकच्या बाटलीत आत हवा गेली नाही तर पोकळी तयार होते आणि थेंब मंदावत जातात. त्यासाठी सेटच्या स्पाइकजवळ (बाटलीत खोचायचं टोक) गाळणी असलेलं हवेचं छिद्र असतं, त्याचं झाकण उघडा. बाटलीच्या बुडाला सुई टोचून ठेवायची पद्धत बंद करा. डोक्यावर पंखा, खिडकीतून धूळ, आणि त्या सुईतून ती सरळ सलाईनमध्ये. पिशवीसारखी चेपणारी बाटली असेल तर हवा लागतच नाही, तेव्हा ते झाकण बंदच हवं.

आठ-दहा सलाईन असतील तर बाटलीवर उभी चिकटपट्टी लावा आणि तासातासाच्या खुणा करा : १० वाजता ५००, ११ ला ३७५, १२ ला २५०. वॉर्डातून चालता चालता नजर टाकली तरी कोणती मागे पडायलीय ते कळतं. खुणा पट्टीवरच करा, बाटलीच्या प्लास्टिकवर मार्कर नको.

आता रक्त चढण्याचं. बाटली संपली की नळीतला पाण्याचा स्तंभ खाली उतरत जातो आणि नसेतल्या दाबाइतका उरला की थांबतो. म्हणूनच रिकाम्या बाटलीतून हवा सहसा लगेच नसेत जात नाही. मग हात खाली लोंबला किंवा पेशंट बाटली कमरेशी धरून संडासला गेला, की रक्त उलटं चढतं. धोका त्यानंतर असतो. चेंबर रिकामं, नळीत हातभर हवा, आणि आपण नवीन बाटली खोचून रोलर उघडतो. ती सगळी हवा पुढे ढकलली जाते. त्यामुळे क्रम असा ठेवा : रोलर बंद, नवीन बाटली, चेंबर दाबून निम्मं भरून घ्या, मग नळी वरून खालपर्यंत डोळ्यांनी तपासा. हवा असेल तर कॅन्युलापासून नळी सोडून, टोक निर्जंतुक ठेवून, हवा बाहेर काढा. थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) असेल तर सिरिंजने ओढून घ्या.

रक्त आत्ताच दोन-चार बोटं चढलेलं, पातळ लाल असेल तर वाहतं होतं. किती वेळ थांबलंय ते माहीत नसेल, रंग काळपट झाला असेल, तर जोर लावू नका. नळी पिळून किंवा २ मिलीच्या सिरिंजने ढकललं तर गुठळी नसेत जाते. लहान सिरिंजचा दाब जास्त पडतो, म्हणून हाताशी १० मिलीची ठेवा. हलक्या हाताने मागे ओढून बघा. रक्त आलं नाही आणि सलाईनही जाईना, तर ती कॅन्युला काढून दुसरी जागा घ्या.

नातेवाइकांना "बाटली संपली की बोलवा" असं सांगू नका. "पाणी बाटलीच्या गळ्याशी आलं की बोलवा" असं सांगा. तेवढ्यानेच अर्ध्या बाटल्यांची ही कटकट मिटते.

ब्रदर_कॅज्युअल्टी_लातूर

सुकलेल्या पेशंटबद्दल.

हात दोन मिनिटं खाटेखाली लोंबू द्या, मूठ उघडझाक करायला सांगा, कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल हातावर गुंडाळा. टूर्निकेट (नस फुगवायला आवळायचा पट्टा) टोचायच्या जागेच्या चार-सहा बोटं वर, आणि एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त नाही. बांधल्यावर मनगटाची नाडी लागलीच पाहिजे. नाडी गेली म्हणजे रोहिणीच आवळली, मग नस भरणार कुठून? म्हाताऱ्या माणसांची कातडी कागदासारखी असते, तिथे रबराऐवजी बीपीचा कफ ४० ते ६० वर फुगवून ठेवा. नस डोळ्यांनी शोधू नका, बोटाने शोधा. दाबून सोडली की उसळी मारते ती नस. दिसणारी पण कडक, दोरीसारखी लागणारी सोडून द्या.

स्पिरिटने ३० सेकंद घासा आणि वाळू द्या. ओल्यावर टोचलं तर आगही होते आणि जंतूही मरत नाहीत. नंतर त्या जागी परत बोट लावायचं नाही. कातडी खालच्या बाजूला ताणून धरा, सुईचं तोंड वर, १० ते ३० अंश. रक्त दिसलं की लगेच प्लास्टिक सरकवू नका. सुईचं टोक नसेत असतं, प्लास्टिकचं टोक अजून मागे असतं. कोन कमी करून सुईसकट २-३ मिलीमीटर पुढे जा, मग सुई स्थिर ठेवून फक्त प्लास्टिक सरकवा. आधी टूर्निकेट सोडा, कॅन्युलाच्या टोकापुढे नस दाबा, मग सुई काढा. "नस फुटली" म्हणतात त्यातल्या बऱ्याच फुटतात त्या सुई काढेपर्यंत टूर्निकेट बांधलेलंच राहिल्यामुळे. एकदा मागे घेतलेली सुई परत प्लास्टिकमध्ये घालायची नाही, कधीच नाही. आतल्या आत प्लास्टिकचा तुकडा कापला जाऊन रक्तात जातो. एकाने दोनदा प्रयत्न करायचा, नाही जमलं तर दुसऱ्याला बोलवा.

कॅन्युलाचा नंबर कामाप्रमाणे निवडा. गॅस्ट्रोचा ५० किलोचा माणूस पूर्ण सुकून आला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या प्लॅन सी प्रमाणे किलोमागे ३० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट) अर्ध्या तासात, म्हणजे १५०० मिली. नंतर किलोमागे ७० मिली, ३५०० मिली, अडीच तासांत. पहिल्या अर्ध्या तासात मिनिटाला ५० मिली झाले. निळ्या २२ मधून ते जाणार नाही. गुलाबी २० कागदावर कसंबसं पुरतं, प्रत्यक्षात कमी पडतं. हिरवी १८ लावा, शक्य तर दोन्ही हातांना. इथे थेंब मोजता येत नाहीत, धार असते. घड्याळ लावून बघायचं : ५०० ची बाटली १० मिनिटांत संपली पाहिजे. नाडी मनगटाला भरली, लघवी झाली की डॉक्टरांना सांगून वेग उतरवायचा. पिता यायला लागलं की सोबत ओआरएस सुरू. हृदयाचा, किडनीचा पेशंट आणि फार कुपोषित मूल असेल तर हा हिशोब लावायच्या आधी डॉक्टरांना समोर उभं करा.

बांगड्यांचं कुणी लिहिलं नाही. मनगट भरून हिरवा चुडा असेल तर बांगड्या वाढवायला सांगू नका, त्याची गरजच नाही. बांगड्या मनगटाशी राहू द्या आणि त्यांच्या वर कोपराकडे हाताची नस घ्या. तिथे हाड खालून आधार देतं, सांधा नाही, आणि बांगडी कॅन्युलाच्या तोंडावर आपटत नाही. हाताच्या पाठीवर लावली तर प्रत्येक हालचालीला काचेचा धक्का बसतो. त्याच हाताची अंगठी मात्र आधीच काढून घ्या. सलाईन आऊट (नसेबाहेर) गेलं की बोट सुजतं आणि मग अंगठी निघत नाही.

गोंदण असलेल्या जागी लाली दिसत नाही, सावळ्या कातडीवर तशीही कमीच दिसते. तिथे बोटाने तपासा. गार, ताठ, फुगलेलं म्हणजे आऊट. गरम, दुखरं, नसेच्या रेषेत कडक म्हणजे नस सुजायलीय. दुसऱ्या हाताशी ताडून बघितलं की फरक लगेच कळतो.

सिस्टर_जिंतूर

खूप उपयोगी. बुडाला सुई टोचण्याचं आमच्याकडेही चालतं, उद्यापासून बंद. आता बंद करण्याबद्दल सांगा. अँटिबायोटिकची १०० मिलीची बाटली संपली की नळीतलं तसंच ठेवून काढलं तर काय बिघडतं?

ट्यूटर_संभाजीनगर

बिघडतं. नळी आणि निम्मं चेंबर मिळून सुमारे १५ मिली औषध मागे राहतं. १०० मिलीतले १५ म्हणजे डोसचा साधारण सातवा भाग कचऱ्यात गेला. दर डोसला तसंच केलं तर कागदावर पूर्ण कोर्स असतो आणि पेशंटला पूर्ण कधी मिळतच नाही. औषधाची बाटली संपली की त्याच सेटला थोडं एनएस (नॉर्मल सलाईन) लावून त्याच वेगाने नळी धुऊन घ्या.

याच्या उलटही लक्षात ठेवा. ऑक्सिटोसिन, पोटॅशियम, नॉरअॅड्रेनॅलिन असं काही नळीत असेल तर ती नळी फ्लश करायची (सलाईन सोडून धुवायची) नाही. तो उरलेला भाग एकदम आत जातो. अशा वेळी नळी कॅन्युलापासून सोडा, थ्री-वे असेल तर त्यातलं सिरिंजने मागे ओढून घ्या आणि नवीन सेट लावा. लेबर रूममध्ये बाळाचे ठोके पडले म्हणून पिटोसिन (ऑक्सिटोसिनच) थांबवलं आणि त्याच नळीतून आरएल जोरात सोडलं, तर नेमकं नको तेच घडतं.

"सलाईन बंद" या ऑर्डरवर रोलरला हात लावायच्या आधी विचारून घ्या की पुढे इंजेक्शनं आहेत का. असतील तर लॉक. ५ मिली एनएस थांबत-थांबत ढकला, शेवटचा अर्धा मिली जात असतानाच क्लॅम्प लावा किंवा टोपण बसवा, म्हणजे रक्त टोकात मागे येत नाही. हातावरच्या कॅन्युलाला साधं सलाईन पुरतं, हेपॅरिन लागत नाही. काही नसेल तर काढून टाका. "असू द्या, लागली तर" म्हणून ठेवलेली कॅन्युला म्हणजे जंतूंना उघडं दार. नुसता रोलर बंद करून नळी जोडलेली ठेवणं सगळ्यात वाईट, थोड्याच वेळात टोकाशी रक्त गोठतं. डॉक्टरांनी "लाईन चालू ठेवा" म्हटलं तर तासाला २० मिली, म्हणजे २० च्या सेटवर मिनिटाला ७ थेंब.

दोन ठिकाणी एकदम बंद करू नका. इन्सुलिनची ड्रिप चालू असताना सोबतची डेक्स्ट्रोजची बाटली संपली किंवा आऊट गेली, तर साखर भराभर उतरते. आणि बराच वेळ डी-१० (१० टक्के डेक्स्ट्रोज) चालू असेल तर ते झटक्यात काढलं तरी साखर पडते. दोन्ही वेळा डॉक्टरांना विचारून, साखर तपासत उतरवायचं.

आता निळा गोळा. हात धुवा, ग्लोव्ह्ज घाला, रोलर बंद. चिकटपट्टी कातडी धरून छिद्राच्या दिशेने सोडवा, कात्री वापरू नका, कॅन्युला कापली जाते. छिद्रावर कोरडा गॉज नुसता टेकवा, दाबू नका. नसेच्या रेषेत सरळ ओढा, आणि कॅन्युला पूर्ण बाहेर आल्यावर लगेच दाबा. आत असताना दाबलं तर नसेची आतली बाजू खरवडते. बाहेर आल्यावर उशीर केला तर रक्त कातडीखाली पसरतं, आणि तोच तुमचा गोळा. स्पिरिटचा बोळा नको. झोंबतो, आणि छिद्र लवकर बंद होत नाही. दोन-तीन मिनिटं, तीही सिस्टरने स्वतः किंवा नीट दाखवून दिलेल्या नातेवाइकाने. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन, हेपॅरिनवाल्यांना पाच मिनिटं किंवा जास्त. कोपर दुमडून ठेवायला सांगू नका, उघडलं की रक्त परत सुरू होतं. हात सरळ, थोडा वर. चोळायचं नाही, हे प्रत्येकाला सांगा, कारण दाबा म्हटलं की लोक चोळतातच.

घोणस चावलेला पेशंट असेल तर हे सगळं दुप्पट काळजीने. रक्त गोठत नसल्याने प्रत्येक टोचलेल्या जागेतून झिरपत राहतं. कमीत कमी टोचा आणि जास्त वेळ दाबा.

काढलेल्या कॅन्युलाचं टोक उजेडात बघा, अखंड आहे ना. नोंदीत वेळ, किती मिली गेलं, जागा कशी होती, टोक अखंड, आणि सही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुई पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, सेट आणि प्लास्टिकची बाटली लाल पिशवीत, रक्ताचा गॉज पिवळ्यात.

पीआयसीयू_अंबाजोगाई

मुलांसाठी थोडंच लिहिते. ५०० ची बाटली मुलाला सरळ लावायची नाही. ब्युरेट सेट (मध्ये मापाचं लहान भांडं असलेला) लावा आणि त्यात एक-दोन तासांपुरतंच भरा, वरचा क्लॅम्प बंद. रोलर चुकून उघडा राहिला तरी तेवढंच जाईल. हात फळीला बांधताना बोटांची टोकं उघडी ठेवा, आणि कॅन्युलाची जागा दिसली पाहिजे. पूर्ण पट्टी गुंडाळली तर सूज कोपरापर्यंत गेल्यावरच कळते. २८ दिवसांच्या आतल्या बाळाला सेफ्ट्रियाक्झोन आणि आरएल किंवा कॅल्शियम एकत्र तर नाहीच, वेगवेगळ्या लाईननेही नाही. मोठ्यांना दोन्ही लागलं तर एकामागून एक द्यायचं, मध्ये नळी एनएसने धुवून.

ब्रदर_कॅज्युअल्टी_लातूर

औषधांचं निघालंच आहे तर पोटॅशियम. केसीएलच्या (पोटॅशियम क्लोराइड) १० मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) असतं. लटकत्या बाटलीत घातलं तर ते जड असल्याने तळाशी बसतं आणि पहिल्यांदा तेच घट्ट पाणी नसेत जातं. रोलर बंद, बाटली खाली घ्या, औषध घाला, पाच-सहा वेळा उलटी-सुलटी करा, लेबल लावा, मग लटकवा. हातावरच्या नसेतून लिटरला ४० मिलीइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त नाही, तासाला १० पेक्षा जास्त नाही, आणि सिरिंजने सरळ तर कधीच नाही.

ट्यूटर मॅडम, कॅन्युला दर ७२ तासांनी बदलायचीच का? आमच्याकडे दोन मतं आहेत.

ट्यूटर_संभाजीनगर

७२ ते ९६ तासांचा नियम बऱ्याच दवाखान्यांत अजून आहे. नवीन मार्गदर्शक सूचना म्हणतात, जागा चांगली असेल तर मोठ्यांमध्ये तारखेवरून बदलू नका, लक्षणावरून बदला. पण ते तिथेच चालतं जिथे प्रत्येक पाळीत जागा उघडून बघितली जाते आणि लिहिली जाते. रात्रीला एकच सिस्टर असेल आणि जागा बघितली जाईलच याची खात्री नसेल, तर मी तारखेचा नियम सोडायला सांगणार नाही. दुखणं आणि लाली, किंवा दुखणं आणि सूज, एकत्र दिसली की तास न मोजता काढायची. घाईत, कॅज्युअल्टीत नीट स्वच्छता न पाळता लावलेली असेल तर २४ ते ४८ तासांत बदला.

फिमेलवॉर्ड_नांदेड

एक राहिलं. सलाईन चालू असताना थंडी वाजून हुडहुडी भरली तर रोलर बंद, सेट कॅन्युलापासून सोडा, पण कॅन्युला काढू नका. औषध द्यायला तीच वाट आहे. नवीन सेट, नवीन एनएस, आणि डॉक्टरांना बोलवा. अंगावर गांध्या, ओठ सुजणं, दम, बीपी पडणं असं दिसलं तर अॅड्रेनॅलिन तयार ठेवा. मोठ्या माणसाला १:१००० चं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. जुनी बाटली आणि सेट फेकू नका, बॅच नंबर लिहून बाजूला ठेवा. त्याच बॅचच्या बाकीच्या बाटल्याही तपासणी होईपर्यंत वापरू नका.

औषध आऊट जाऊन हात सुजला असेल, तेही कॅल्शियम, नॉरअॅड्रेनॅलिन, फेनिटोइन किंवा २५ टक्के डेक्स्ट्रोजसारखं, तर कॅन्युला लगेच ओढू नका. आधी त्यातूनच सिरिंजने निघेल तेवढं मागे ओढा, हात उंच ठेवा, सुजेची कड पेनाने आखा आणि वेळ लिहा. नॉरअॅड्रेनॅलिन असेल तर बर्फ नको, रक्तवाहिन्या आधीच आवळलेल्या असतात.

आणि सुट्टी देताना : सलाईन काढल्यावर दोन दिवसांपर्यंत नस सुजू शकते. गावी गेल्यावर जागा लाल झाली, दोरीसारखी लागली, पू किंवा ताप आला तर परत या असं सांगा. हळद-चुना लावून येतात मग जागा बघताच येत नाही, तेही आधीच सांगून ठेवा.